लाकूड नसलेले 'वुड'

मंडळी, तेल हा शब्द तिळावरून आला, तरी आपण शेंगदाण्याचे तेल बिनदिक्कत म्हणतो. शाई मुळात काळी, तरी मास्तर लाल शाईने मार्क देत. गोल्फचे शब्दही असेच आहेत. एवढे ध्यानात घेतले की निम्मी भीती जाते.

आमच्या वेस्ट विंडसरमध्ये मर्सर ओक्स हे काउंटीचे सार्वजनिक मैदान आहे. तरीही ऑफिसची गोल्फची टूम निघाली की आपली माणसे काम काढून लॅबमध्ये थांबतात. तिकडे चार तास साहेबांबरोबर चालता चालता गप्पा होतात आणि नव्या कामावर कोणाला घ्यायचे, हे कित्येकदा तिथेच ठरते. डॉक्टरेट असूनही आम्ही त्या गप्पांच्या बाहेरच होतो. म्हणून आम्ही दोघांनी रीतसर अभ्यास केला.

'वुड'चे डोके पूर्वी पर्सिमनच्या लाकडाचे असे. हे झाड आपल्या तेंदूच्याच कुळातले. 1979 मध्ये टेलरमेडने पोलादी डोके बाजारात आणले, 1990 च्या दशकात टायटॅनियम आले. नाव वुडच राहिले. त्यातला सर्वांत लांब तो ड्रायव्हर. नियमाप्रमाणे त्याचे डोके 460 घन सेंटिमीटरपेक्षा मोठे चालत नाही.

'लॉफ्ट' म्हणजे काठीच्या तोंडाचा कल. ड्रायव्हरचा साधारण 10 अंश, तर वाळूतून चेंडू काढायच्या सँड वेजचा 56 च्या आसपास. कल वाढला की चेंडू उंच जातो, पण जवळ पडतो. आयर्नवरचा आकडा म्हणजे अंश नव्हे. आजच्या कित्येक 7 नंबरांचा कल 30 अंशांच्या आसपास असतो, जुन्यांचा बराच जास्त. म्हणून शेजाऱ्याचा 7 नंबर लांब गेला तर आधी अंश विचारावेत!

'फ्लेक्स' म्हणजे दांडा किती लवतो ते. 'आर' म्हणजे रेग्युलर, 'एस' म्हणजे स्टिफ. मात्र याला सर्वमान्य मोजमाप नाही. एका कंपनीचा 'आर' दुसरीच्या 'एस'सारखा लागू शकतो. आम्हा केमिस्टांना हे पचायला जड! तेव्हा अक्षर पाहून नव्हे, हातात घेऊन, चेंडू मारून पाहावे.

पिशवीत जास्तीत जास्त 14 काठ्या चालतात, पण शिकायला सहा-सात पुष्कळ. दोन-तीन घरांनी मिळून जुना संच घेतला तरी भागते, फक्त उंची जुळती हवी.

पुढच्या वेळी ऑफिसात यादी फिरेल तेव्हा नाव जरूर घाला. चेंडू झाडीत गेला तर जाऊ दे, आपण मैदानावर असलो म्हणजे झाले.