मोरजीच्या वाळूत पालथे

समुद्र पाहावयास गेलेला मनुष्य बहुधा उभा असतो. फार तर बसतो. त्याची दृष्टी सहजच क्षितिजाकडे जाते आणि वीस पावलांवर, ओल्या वाळूच्याच रंगाचा, मुठीत मावेल एवढा एक पक्षी तुरुतुरु धावत पोट भरीत असतो, तो त्याच्या नजरेतून सुटतो. आम्ही उभयतांनी कित्येक वर्षे समुद्र असाच उभ्याने पाहिला. अलीकडे मात्र आम्ही पालथे पडून पाहतो. ही बुद्धी आम्हांस कशी सुचली, ते वाचकांना सांगावेसे वाटते.

आमचे ठिकाण म्हणजे पेडणे तालुक्यातील मोरजी. मडगावहून पहाटे साडेचारला निघावे, म्हापसा मागे टाकून शिवोली गाठावी. पूर्वी तेथून चोपड्याला फेरीबोटीने जावे लागे. आता पूल झाला आहे. मोरजीच्या दक्षिण टोकाला शापोरा नदी समुद्राला मिळते आणि तिच्या मुखाशी वाळूची एक लांब जीभ तयार झाली आहे. पलीकडच्या डोंगरावर शापोऱ्याचा किल्ला दिसतो. सागरी कासवे अंडी घालावयास येतात, म्हणून या किनाऱ्याचे नाव सर्वतोमुखी आहे. पण हिवाळ्यात येथे येणाऱ्या चिमुकल्या पाहुण्यांची वास्तपुस्त फारसे कोणी करीत नाही.

हे पाहुणे दुरून येतात. छोटा टिलवा आणि सँडरलिंग उत्तर ध्रुवाजवळच्या ओसाड प्रदेशातून, तर सँड प्लोव्हर नावाचे चिखल्या तिबेट-लडाखच्या उंच पठारांवरून. त्यांच्यातच केंटिश चिखल्या असतो. वजन जेमतेम ४० ग्रॅम. इंग्लंडातील केंट परगण्यावरून त्याला हे नाव पडले; परंतु त्या केंटमध्ये आता त्याची नियमित वीण होत नाही. किनाऱ्यावरील माणसांची वर्दळ हे त्याचे एक कारण सांगितले जाते. हे आम्ही पुढे वाचले, आणि वाचताना मान खाली गेली. कारण त्या वर्दळीत आमचाही वाटा होऊन चुकला होता.

ती हकिकत मार्च २०२२ची. भर भरतीच्या वेळी जिभेच्या टोकावर शंभरएक पक्षी दाटीने विसावले होते. सर्वांची तोंडे वाऱ्याकडे, कित्येक एका पायावर. आम्ही कॅमेरा घेऊन ताठ उभ्याने त्यांच्यावर चालून गेलो. थवा उडाला, आम्ही फोटो काढले. तो फिरून बसला. आम्ही पुन्हा गेलो. तिसऱ्या खेपेस तो नदी ओलांडून दिसेनासा झाला. घरी येऊन पडद्यावर चित्रे पाहिली. कित्येकांच्या छातीवर तांबूस रंग चढू लागला होता. तो विणीचा पेहराव, म्हणजेच परतीच्या प्रवासाची खूण. या दिवसांत ते अंगावर चरबी साठवीत असतात. हिमालयापलीकडच्या वाटेची तीच शिदोरी. ती आम्ही एका सकाळी तीन वेळा उधळली होती. शेजाऱ्यांनी त्या उडत्या थव्याच्या चित्राची फार वाखाणणी केली. ते आम्ही भिंतीवर लावले नाही.

त्यानंतर पालथे पडावयास शिकलो. उभ्याने काढलेल्या चित्रात पक्ष्याची पाठ दिसते आणि भोवती नुसती वाळू. भिंग त्याच्या डोळ्याच्या पातळीवर, म्हणजे जमिनीपासून चार-पाच बोटांवर आणले, की मागची वाळू सरून दूरचे पाणी येते. ते पुसट निळे होते आणि त्यावर पक्षी स्वच्छ उठून दिसतो. यासाठी मोठा खर्च नको. आम्ही घरातली एक जुनी परात घेतो, तीत तांदूळ भरलेली कापडी पिशवी ठेवतो आणि पिशवीवर भिंग टेकवतो. परात वाळूवरून सरकते आणि भिंगात वाळू जात नाही. कॅमेऱ्याचा पडदा उघडून वर वळवता आला, तर मानेवर उपकार होतात. पक्षी क्षणभरही स्वस्थ नसतो, म्हणून सेकंदाचा दोनहजारावा भाग एवढा वेग ठेवावा. पांढरे पोट उन्हात जळून निघते, म्हणून प्रकाश जरा आवरता घ्यावा. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे ऊन पाठीशी येते, तीच वेळ उत्तम. नऊनंतर तापल्या वाळूवरची हवा थरथरू लागते आणि कितीही भारी भिंग असले तरी चित्र विरघळते.

खरी युक्ती मात्र कॅमेऱ्यात नाही, भरतीच्या वेळापत्रकात आहे. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते. ती हिशेबात धरून, पाणी चढू लागण्याआधीच जाऊन पडून राहावे. पाणी वर येते तसे पक्षीही चरत चरत आपल्याकडे येतात. चिखल्या चार पावले धावतो, थबकतो, डोळ्यांनी टेहळतो आणि टोच मारतो. टिलवा मान खाली घालून चिखलात चोच खुपसत राहतो. सँडरलिंग लाटेमागे धावतो आणि लाट उलटली की तिच्यापुढे पळतो. चरणे थांबवून पक्ष्याने मान उंचावली, की आपण पुरे जवळ आलो असे समजावे आणि हलू नये. उभा मनुष्य अंतर स्वतः ठरवतो. पडलेल्याला ते पक्ष्याच्या मर्जीवर सोडावे लागते.

फेब्रुवारी २०२४मध्ये या शिक्षणाची परीक्षा झाली. चरणे संपवून तीस-चाळीस चिखल्या आमच्यापासून दहा हातांवर येऊन विसावले. एकाने तर आमच्याच पावलाच्या जुन्या खळग्यात बसून, चोच पाठीच्या पिसांत खुपसून डोळे मिटले. चित्रे झाली, मन भरले. पण पाणी चढतच होते. ते कोपरांना लागले, मग परातीला. उठावे तर थवा उडणार आणि दोन वर्षांपूर्वीचा अपराध पुन्हा घडणार. न उठावे तर कॅमेरा बुडणार. "अहो, मागे सरका, पण बसल्या पक्ष्यासारखे सरका," अशी कुजबुज झाली. साठी ओलांडलेली दोन माणसे, एक परात पुढ्यात धरून, पोटावर उलटी सरपटत निघाली. वीस हातांच्या वाटेला पाऊण घटका लागली. गुडघे सोलवटले, कपडे चिंब झाले. त्या झोपल्या पक्ष्याने एकदा एक डोळा उघडला आणि पुन्हा मिटला.

मागे कोरड्या वाळूवर तिसऱ्या वेचून परतणारी एक म्हातारी टोपली डोक्यावर घेऊन हा सोहळा पाहत उभी होती. "कितें सांडलां गो बाये?" तिने विचारले. काही हरवले नाही असे सांगून आम्ही बोटाने थवा दाखवला. प्रथम तिला काही दिसेना. मग तिने टोपली उतरवली, गुडघ्यांवर हात टेकून वाकून पाहिले आणि बराच वेळ तशीच राहिली. तिची नेहमीची पायवाट त्या थव्यातूनच जात होती. टोपली पुन्हा डोक्यावर चढवून ती निघाली, ती वरच्या माडांच्या कडेने, लांबचा वळसा घेऊन.