मॉर्निंग शो गेला म्हणून

पुणे

चि. सोनू,


तुझ्या आईचा फोन आला होता. मॉर्निंग शो काढून घेऊन तुला संध्याकाळचा स्लॉट दिला आणि तू राजीनामा टाईप करून ठेवलायस, एवढं कळलं. नव्या प्रोग्रामिंग हेडला ‘फ्रेश’ आवाज हवाय म्हणे. फ्रेश! भाजी आहे का ती? असो. राजीनामा पाठवण्याआधी हे वाच.

ब्रिटनचा रेडिओ निवेदक ख्रिस इव्हान्स तुला ठाऊक असेलच. १९९५ मध्ये बीबीसी रेडिओ वनची सकाळ त्याच्या हाती आली आणि गळालेले श्रोते परतू लागले. मग साहेबांना शुक्रवारची सुट्टी हवीशी झाली. त्या संध्याकाळी त्याचा टीव्हीवरचा कार्यक्रम असे. बीबीसी नाही म्हणाली, तेव्हा १९९७च्या जानेवारीत हा चालता झाला. त्याच वर्षी व्हर्जिन रेडिओवर सकाळचा शो धरला, आणि डिसेंबरात त्याच्या कंपनीने ते स्टेशनच साडेआठ कोटी पौंडांना घेऊन टाकलं. २००० मध्ये सगळं विकलं, साडेबावीस कोटींना! आमच्या वेळचं मानधन तुला सांगत नाही, हसशील.

आणि २००१च्या जूनमध्ये तो काही दिवस शोला गेलाच नाही. तिकडे पेपरांत त्याच्या पिण्याच्या बातम्या. नव्या मालकांनी सरळ काढून टाकलं.

मला विचारशील तर त्यांचं काही चुकलं नाही. सकाळचा श्रोता आपल्या आवाजावर डबे भरतो गं. गाण्यांमधली अमुक लिंक बोलून झाली की पोराच्या पायात बूट, गाणं संपायच्या आत रिक्षा दारात. त्याला तुझे विनोद नंतर, आधी तू हवी असतेस. आम्ही पहाटे संकेतधून वाजत असताना, फेडर खाली ठेवून, ‘कमळ, बाभळ, ओंजळ’ म्हणून बघायचो. झोपेतल्या जिभेला ‘ळ’ लागत नाही. ‘ळ’ लागला की मग माईक.

तर इव्हान्स परत आला कसा? सकाळ मागायला गेला नाही. २००५ मध्ये बीबीसीच्याच रेडिओ टूवर शनिवार दुपार मिळाली, ती केली. २००६ मध्ये संध्याकाळचा ड्राइव्हटाइम, म्हणजे तू ज्यावर नाक मुरडते आहेस तोच स्लॉट. २०१०च्या जानेवारीत टेरी वोगन यांच्या जागी सकाळ त्याच्याकडे आली. खुद्द वोगन टीव्हीसाठी १९८४ मध्ये तीच सकाळ सोडून गेले होते. १९९२ मध्ये टीव्हीचा शो बंद झाला आणि १९९३ मध्ये ते पुन्हा पहाटे उठू लागले, ते २००९ संपेपर्यंत. इव्हान्सने मात्र २०१८च्या अखेरीस नव्वद लाखांच्या घरातले श्रोते मागे ठेवून पुन्हा व्हर्जिनची सकाळ धरली. या माणसाला स्वस्थ बसवत नाही, दुसरं काय!

तेव्हा संध्याकाळ घे. फक्त तिथे सकाळचा चढा सूर लावू नकोस. साडेसहाला ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या माणसाला कोणी उत्साहाने हाक मारली की तो स्टेशन बदलतो. लिंक लहान ठेव, गाण्याच्या आधीच्या म्युझिकवर बडबडू नकोस. ही तुझी जुनी खोड.

आणि तुझ्या कराराची प्रत मला पाठव. व्हर्जिनने काढून टाकल्यावर अडकलेल्या शेअर्सच्या पैशांसाठी इव्हान्स कोर्टात गेला होता आणि २००३ मध्ये हरला. करार मोडला तो त्यानेच, असं ठरलं. तुझं नोटीसचं कलम काय आहे, स्लॉट बदलला तर पगार कापता येतो का, हे आपल्या वकीलकाकांना दाखवतो. ते शनिवारी भेटतात, तेव्हा शुक्रवारपर्यंत मेल कर.

तुझा,
मामा