एका निखाऱ्याची ऊब

चार्ल्स डिकन्सचं ‘अ ख्रिसमस कॅरोल’ उघडलं की मला भुतांच्या आधी थंडी आठवते. लंडनच्या दाट धुक्यात बुडालेली स्क्रूजची पेढी. कारकुनावर नजर राहावी म्हणून मधलं दार उघडं. बॉब क्रॅचिटच्या शेगडीत म्हणायला विस्तव, पण बघणाऱ्याला वाटावं, निखारा एकच आहे. कोळशाची पेटी मालकाच्या खोलीत. फावडं घेऊन तिथं जावं तर नोकरीवर गदा. बिचारा गळ्याभोवती मफलर गुंडाळून मेणबत्तीवर हात शेकतो. पगार आठवड्याला १५ शिलिंग.

गंमत म्हणजे, स्क्रूज स्वतःही कुठं शेकतोय? सर्दी झाली म्हणून रात्री पेज घेतो, तीही मिणमिणत्या विस्तवाला खेटून. आपल्या गोष्टींतला सावकार मेल्यावर पुरलेल्या हंड्यावर नाग होऊन बसतो. हा जिवंतपणीच बसलेला. आणि सात वर्षांपूर्वी वारलेला त्याचा भागीदार मार्ली येतो तो तिजोऱ्या, किल्ल्या, कुलपं, खतावण्या अडकवलेली साखळी फरफटत.

मग तीन भुतं. लोकांना तिसरं आवडतं: काळ्या वस्त्रातलं, मुकं, नुसतं बोट दाखवणारं. पण स्वतःची कबर पाहून माणूस वठणीवर आला, तर त्यात नवल ते काय! घाबरला, एवढंच. माझं मत पहिल्याला, सरलेल्या नाताळांच्या भुताला. आपल्याकडे होऊन गेलेला काळही भूतच. डिकन्सला मराठी येत असती तर हा शब्द त्यानं सोडला नसता. हे भूत स्क्रूजला त्याच्या शाळेत नेतं. सुट्टीत बाकीची मुलं घरी गेलेली, एकटाच एक पोरगा वाचत बसलाय. त्याच्यापुढंही तसाच, जेमतेम धुगधुगणारा विस्तव. म्हातारा बाकावर बसून रडतो. मग त्याला आठवतं, काल संध्याकाळी दाराशी एक मुलगा गाणं म्हणत होता; त्याला काहीतरी द्यायला हवं होतं. अजून दोन भुतं यायची आहेत, पण स्क्रूज इथंच हलला.

असं एकटं पोर डिकन्सला दूर शोधावं लागलं नसेल. १८२४ साली वडील कर्जापायी मार्शलसीच्या तुरुंगात, आणि १२ वर्षांचा चार्ल्स बूटपॉलिशच्या कारखान्यात डब्यांना लेबलं चिकटवतोय. १८४३ मध्ये हे पुस्तक त्यानं सहा आठवड्यांत लिहिलं. लिहिताना रडायचा, हसायचा, रात्री-अपरात्री लंडन पायी तुडवायचा. नाताळापर्यंत ६००० प्रती संपल्या, पण छपाईचा थाट असा की हजार पौंडांची आशा धरलेल्याच्या हाती २३०च आले. त्यावर त्यानं केलेला त्रागा स्क्रूजला शोभला असता!

नाताळाला बॉबच्या घरी भलीमोठी टर्की पोचते, तिचं सगळ्यांनाच कौतुक. मला दुसऱ्या दिवसाची सकाळ आवडते. बॉब साडेअठरा मिनिटं उशिरा येतो. स्क्रूज आधी खोटंखोटं गुरकावतो, मग पगार वाढवतो. आणि सांगतो, शेगड्या पेटव. पुढचं अक्षर लिहिण्याआधी कोळशाची आणखी एक बादली विकत आण.