चाक काही जमीन सोडेना

गाडीच्या पुस्तिकेत एक चित्र असतं. गाडी बाजूने काढलेली, पुढच्या चाकाच्या थोडं मागे एक बाण आणि मागच्या चाकाच्या थोडं पुढे दुसरा. जॅक फक्त इथेच लावा, असा दम खाली दिलेला. पण बाण नेमका कशाकडे बोट दाखवतोय, ते चित्रात काही केल्या कळत नाही. तिथे काय असतं? खड्डा? हूक? मी पुस्तिका उलटीसुलटी करून पाहिली, चष्मा काढून पाहिली. शाळेत मुलांना ‘आकृतीचं निरीक्षण करा’ असं बिनदिक्कत सांगणाऱ्या बाईंवर ही वेळ आली होती.

कारण साधंच होतं. माझ्या सेकंडहँड वॅगनआरचं मागचं डावं चाक रोज सकाळी बसलेलं दिसायचं. गणपती तोंडावर आलेले. रत्नागिरीत त्या दिवसांत मेकॅनिकला घरी बोलावणं म्हणजे चतुर्थीच्या आदल्या दिवशी भटजी शोधणं. सगळे चाकरमान्यांच्या गाड्यांत अडकलेले. मग ठरवलं की चाक आपणच काढायचं, स्टेपनी लावायची आणि काढलेलं चाक सवडीने पंक्चरवाल्याकडे न्यायचं. डिकीतलं कार्पेट उचललं तर खाली घडी घातलेला जॅक, टोकाला आकडा असलेली लांब टॉमी आणि एक पाना. तिन्ही वस्तू कोऱ्या. म्हणजे आधीच्या मालकानेही त्यांना कधी हात लावला नव्हता, याचं जरा बरं वाटलं.

शेजारच्या नानांचं आयुष्य एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेलं. ते गडग्यावर हात टेकून बघत उभे राहिले आणि मी जॅक हातात घेते न घेते तोच म्हणाले, “अगो, उतारावर गाडी उचलतेस? आधी सपाटीला घे.” आमच्या अंगणाला पावसाचं पाणी जायला उतार आहे, तो मला कधी जाणवलाच नव्हता. पायपंपाने थोडी हवा भरून गाडी पडवीसमोरच्या सपाट जागी आणली. हँडब्रेक ओढला, पहिला गिअर टाकला. एवढ्यावर भागेल असं मला वाटलं होतं. नानांनी मात्र उजव्या पुढच्या चाकाला, म्हणजे उचलायच्या चाकाच्या तिरप्या समोरच्या चाकाला, पुढून-मागून दगड लावायला लावले.

हँडब्रेक आणि गिअर दोन्ही असताना दगड कशाला, हे मी विचारलं, आणि त्या दिवसातली सगळ्यात चांगली गोष्ट मला कळली. माझ्या गाडीत हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना धरतो आणि गिअर पुढच्या चाकांना, कारण इंजिन पुढची चाकं फिरवतं. मागचं एक चाक उचललं तर दुसऱ्या मागच्या चाकाला ब्रेक आहेच, पुढे गिअरही आहे. पण उद्या पुढचं चाक उचललं तर? पुढच्या दोन चाकांच्या मध्ये डिफरन्शियल असतो. एक चाक हवेत गेलं की ते मोकळं फिरायला लागतं, आणि जमिनीवरच्या जोडीदाराला गिअरचा काही आधार उरत नाही. मग सगळी भिस्त एकट्या हँडब्रेकवर, आणि त्याची केबल सैल झालेली असली तर दगडांवर. इतकी वर्षं गाडी गिअरमध्ये ठेवून निर्धास्त झोपणारी मी हे ऐकून जरा गप्पच झाले.

मग बाणाचा शोध. चटई टाकून जमिनीला गाल लावला आणि दाराच्या खालची कड बोटांनी चाचपत गेले. तिथे पत्र्याची एक उभी पट्टी खाली लोंबलेली असते. दोन पत्रे एकावर एक ठेवून वेल्डिंगच्या ठिपक्यांनी जोडल्यामुळे ती तयार होते. पुढून मागपर्यंत सगळीकडे ती सारखीच लागते. मात्र मागच्या चाकाच्या अलीकडे बोट एका खाचेत अडकलं, आणि थोडं पुढे गेल्यावर दुसऱ्या खाचेत. त्या दोन खाचांमधली जागा म्हणजे पुस्तिकेतला बाण. तेवढीच जागा आतून मजबूत केलेली असते. जॅकच्या माथ्यावरही एक खोबण होती. ती कशासाठी, याचा उलगडा आता झाला: पट्टी त्या खोबणीत उभी बसते आणि वजन तिच्या कडेवर न येता दोन्ही बाजूंच्या खांद्यांवर येतं.

उजव्या बाजूला हेच बघायला गेले तर खाचांपाशी पट्टी चक्क आडवी दुमडलेली, रंग उडालेला, तांबेरा धरलेला. नानांनी एका नजरेत निदान केलं. कुठल्यातरी टायरच्या दुकानात चाकांचा ट्रॉली जॅक लावला असणार. त्याची बशी सपाट असते. मध्ये खोबणीचं रबर ठेवलं नाही तर सगळा भार त्या पातळ कडेवर येतो आणि ती वाकते. पट्टी वाकली म्हणून गाडी मोडत नाही, पण रंग फुटला की आमच्या खाऱ्या हवेत गंज थांबत नाही. त्या बाजूला मी नंतर घासून प्रायमर आणि रंग लावला. पट्टी सोडून आत कुठेतरी फरशीच्या पत्र्याखाली जॅक लावला तर पत्र्याला पोचा येतो. इंजिनखालच्या ऑइलच्या चेंबरला लावला तर काय होईल, हे सांगताना नानांनी नुसते डोळे मिटले.

जॅक लावण्याआधी नट ढिले करायचे, ही गोष्ट कुणी न सांगता सुचण्यासारखी नाही. पुढचं चाक हवेत असलं की पान्याबरोबर तेही फिरतं, आणि कुठल्याही चाकावर जोर लावला तर गाडीच जॅकवरून हलते. म्हणून चाक जमिनीवर असतानाच प्रत्येक नट अर्धा फेरा सैल करायचा, काढायचा नाही. पाना डावीकडे आडवा बसवून वरून वजन टाकलं. पहिला नट असा काही किंचाळला की मला वाटलं तुटला.

खाली जांभा दगड असला तरी पावसाने मऊ झालेल्या अंगणात जॅकची वीतभर बैठक रुतणार, म्हणून जाड फळी टाकली. तेवढ्यात माझा भाचा आला आणि म्हणाला, “मावशी, चिरे आहेत की ढीगभर, दोन चिरे लाव आणि टेकव गाडी!” नाना एवढे कधीच ओरडले नव्हते. चिरा भिंतीत घर पेलतो, कारण तिथे भार सगळ्या तोंडावर सारखा पसरतो. लोखंडाची एक कड त्यावर टेकली की तो न सांगता दुभंगतो. विटांचं आणि सिमेंटच्या पोकळ ठोकळ्यांचंही तेच.

टॉमी फिरवायला लागले. सुरुवातीला हलकं, मग पट्टी खोबणीत बसली आणि एकदम जड. साडेआठशे किलोंच्या आसपासची गाडी, तिचा एक कोपरा एका बाईने आट्यांच्या जोरावर उचलायचा! दाराची कड वर सरकताना स्पष्ट दिसत होती. चाक मात्र जागचं हलेना. मी फिरवतेय, गाडी वर जातेय, चाक जमिनीला चिकटलेलंच. काहीतरी सुटून आलं या भीतीने मी थांबले. नाना हसले. गाडीच्या वजनाने दबलेली स्प्रिंग आधी सुटी होते, तोवर चाक खालीच लोंबत राहतं. बॉडी बरीच वर गेल्यावर मग कुठे टायरखालून कागद सरकेल एवढी फट दिसली. आणखी एक दिसलं: गाडी सरळ वर जात नाही, पलीकडच्या चाकांवर कलत जाते, त्यामुळे जॅकही थोडा कलतो. म्हणून मधून मधून थांबून तो उभा आहे ना ते बघायचं. ट्रॉली जॅकला चाकं असतात ती याचसाठी. गाडीबरोबर त्याला सरकता आलं पाहिजे, त्याच्या चाकांपुढे कुणी दगड लावू नये.

स्टेपनी आधी आडवी करून गाडीच्या कडेखाली सरकवली. जॅक निसटलाच तर गाडी तिच्यावर टेकेल. चाक काढल्यावर त्यांची अदलाबदल करायची.

पण चाक निघेना. नट हातात आणि चाक गंजाने हबला घट्ट. भाचा लाथ मारायला सरसावला, त्याला नानांनी दंडाला धरून मागे ओढलं. जॅकवर असलेल्या गाडीला धक्का नाही. नट पुन्हा दोन-तीन आटे चढवले, खालची स्टेपनी ओढून घेतली आणि जॅक हळूहळू उतरवला. गाडीचं वजन चाकावर आलं तसा ‘टक्’ आवाज झाला आणि चाक सुटलं. पुन्हा उचललं, स्टेपनी पुन्हा आत, मग पुढचं सगळं सोपं. स्टेपनीचे नट निमुळती बाजू आत ठेवून हाताने चढवले, एकासमोर एक असे आवळले, आणि शेवटचा जोर गाडी खाली टेकल्यावर. लहान गाड्यांना साधारण 100 न्यूटन-मीटरच्या आसपास ताण लागतो. म्हणजे फूटभर पान्याच्या टोकाला तीस-पस्तीस किलोंचा जोर, पान्यावर उभं राहून नाचायचं नाही.

उत्साहाच्या भरात मी म्हटलं, आता सायलेन्सर का खडखडतो तेही खाली सरकून बघते. नाना घरात गेले आणि दोन लोखंडी घोड्या घेऊन आले, खीळ घालून उंची ठरवायच्या. जॅक उचलायला, धरायला घोडी. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. हायड्रॉलिक जॅक तर सील झिजलं की तुमच्या नकळत खाली बसतो. पण घोडी लावायची पक्की जागा खाली कुठली, हे माझ्या पुस्तिकेत नव्हतं, म्हणून सायलेन्सर गॅरेजवर सोपवला.

चतुर्थीला भाऊ मुंबईहून नवी इलेक्ट्रिक गाडी घेऊन आला. तिच्यात जॅक नाही, स्टेपनी नाही. हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चरचं किट असेल तर स्टेपनी नसली तरी चालते, असा नियम 2020 मध्येच झालाय, हे त्याने मोठ्या ऐटीत सांगितलं. मी तोवर चटई टाकली होती. “ताई, काय करतेस?” म्हटलं, तुझ्या गाडीची बॅटरी फरशीखाली आहे, टायरवाल्याने जॅक भलतीकडे लावला तर पत्र्यावर निभावणार नाही, ये इकडे, जागा दाखवते आणि मोबाइलवर फोटो काढून ठेव.