वडिलांचे घड्याळ

आमच्या घरी एक जुने मनगटी घड्याळ आहे. आमचे वडील दुसऱ्या महायुद्धात बेळगावच्या मराठा पलटणीतून इटलीच्या रणांगणावर गेले होते. १९४६ साली ते घरी परतले, तेव्हा हे स्विस बनावटीचे घड्याळ त्यांच्या मनगटावर होते. निपाणीजवळच्या आमच्या खेड्यात त्या काळी वीज नव्हती. रात्री कंदील मालवला म्हणजे घड्याळाचे काटे व आकडे हिरवट प्रकाशाने चमकू लागत. आम्ही भावंडे ते घोंगडीत ओढून घेऊन पाहत बसत असू. पहाटेच्या मिस्सेला जायचे असले म्हणजे वडील काडीही न ओढता अंधारात अचूक वेळ सांगत, याचे आम्हांस मोठे नवल वाटे. "यात रेडियम आहे," एवढेच ते सांगत.

पुढे तो उजेड मंदावत गेला आणि १९७० च्या सुमारास अगदीच विझला. वडिलांस त्याची हुरहूर लागली, म्हणून आम्ही ते घड्याळ निपाणीच्या एका घड्याळजींकडे नेले. त्यांनी डोळ्यास भिंग लावून तबकडी बाहेर काढली, दोन आकड्यांवरचा सुकलेला रंग पात्याने खरवडला आणि फुंकर मारून ती भुकटी उडवून दिली. शेजारीच त्यांच्या चहाचा पेला होता. "असला रंग आता मिळायचा नाही, भाऊ," असे म्हणून त्यांनी घड्याळ परत केले. वडिलांच्या पश्चात ते ट्रंकेत पडून राहिले.

गेल्या वर्षी आमच्या नातवाने ते बाहेर काढले. तो बेळगावास इंजिनियरिंग शिकतो. "आजोबा, हे पुन्हा चमकवू या का?" असे त्याने विचारले, परंतु उघडण्यापूर्वी त्याने कॉलेजातून किरण मोजण्याचे एक लहानसे यंत्र मागून आणले. घड्याळ तर कित्येक वर्षे बंद होते. पण ते जवळ नेताच यंत्र भराभर टिकटिक करू लागले. नातू म्हणाला, "आजोबा, उजेड गेला, पण रेडियम आहे तेथेच आहे."

रेडियम हे मूलद्रव्य मेरी व पिएर क्यूरी या दांपत्याने १८९८ साली शोधून काढले. घड्याळाच्या रंगात ते जस्त व गंधक यांच्या संयुगात मिसळीत. रेडियमचे किरण त्या संयुगावर आदळले की प्रकाश पडे. त्या माऱ्याने संयुग काही वर्षांत निकामी होते व उजेड विझतो. रेडियम मात्र १६०० वर्षांनी कोठे निम्मे होते! म्हणजे आमचे घड्याळ विझले तरी निर्धोक झाले नव्हते.

या रंगाची खरी किंमत अमेरिकेतील कामकरी मुलींनी मोजली. न्यू जर्सी व इलिनॉय येथील कारखान्यांत त्या तबकड्या रंगवीत. कुंचल्यास टोक यावे म्हणून तो ओठांत धरण्यास त्यांस शिकविले होते, आणि रंग निरुपद्रवी आहे असे मालक सांगत. पोटात गेलेले रेडियम कॅल्शियमप्रमाणे हाडांत जाऊन बसते. मुलींचे जबडे सडले, हाडे मोडली, कित्येक तरुणपणीच वारल्या. ग्रेस फ्रायर व तिच्या चार सोबतिणींनी कंपनीवर दावा लावला व १९२८ साली भरपाई मिळविली. इलिनॉयच्या कॅथरीन डोनोह्यू हिने १९३८ साली मरणशय्येवरून साक्ष दिली. निकाल तिच्या बाजूने लागला. त्याच वर्षी ती वारली. तंबाखूच्या वखारींतील धुळीत राबणाऱ्या बाया आम्ही निपाणीकरांनी जन्मभर पाहिल्या आहेत. पोटासाठी काय काय छातीत ओढून घ्यावे लागते, हे आम्हांस कोणी सांगावयास नको.

वाचकहो, तुमच्याही घरी आजोबांचे असे घड्याळ असेल, तर घाबरू नका. या रेडियमचे अल्फा किरण काचेपलीकडे जात नाहीत. गॅमा किरण जातात, म्हणून ते रोज मनगटावर बांधू नये, उशाशी ठेवू नये व मुलांस खेळावयास देऊ नये. खरा धोका आतल्या भुकटीचा आहे; ती श्वासावाटे वा तोंडावाटे शरीरात जाता कामा नये. म्हणून घड्याळ उघडू नये, रंग खरवडू नये. काच फुटली असल्यास ते घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत घालून हात धुवावे. रेडियमपासून रेडॉन नावाचा वायू निघतो, यासाठी अशी घड्याळे झोपण्याच्या कोंदट खोलीत साठवू नयेत. ती चुलीत, उकिरड्यावर वा भंगारवाल्याकडेही टाकू नयेत. अशा द्रव्यांवर देखरेख करणारे अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ पासून मुंबईस आहे. नको असलेल्या घड्याळाविषयी त्यांस विचारावे.

मात्र प्रत्येक चमकणारी वस्तू रेडियमची नसते. महामार्गावरील दुकानांत गाड्यांस चिकटविण्याच्या पट्ट्यांस आपण 'रेडियम' म्हणतो, त्यांत रेडियमचा कणही नसतो. त्या केवळ दिव्याचा प्रकाश परत फेकतात. हल्लीच्या घड्याळांतील चमकही बहुधा निरुपद्रवी रंगाची असते.

हे सारे कळल्यावर आमचे मन त्या घड्याळजींकडे गेले. ते पुष्कळ वर्षे जगले, तेव्हा आमच्या घड्याळाने त्यांस अपाय झाला असे आम्ही म्हणणार नाही. परंतु आमच्या हौसेपायी त्यांच्या पुढ्यात ती भुकटी उडाली, ही गोष्ट मनास बोचत राहिली. आज त्यांचा मुलगा ते दुकान चालवितो. आम्ही जाऊन त्यास सर्व हकीकत सांगितली. तो काही वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "काका, अशी जुनी घड्याळे महिन्याला एखादे तरी येते. आता आधी विचारीन, मगच हात लावीन."

वडिलांचे घड्याळ आम्ही टाकले नाही. पिशवीत घालून, डब्यात बंद करून ते माळ्यावर ठेवले आहे. डब्यावर नातवाने ठळक अक्षरांत लिहिले आहे: 'पणजोबांचे घड्याळ. आत रेडियम. उघडू नये.' आमच्या मागे ज्याच्या हाती तो डबा पडेल, त्यास वडिलांची आठवण मिळावी आणि हा इशाराही मिळावा, एवढीच आमची इच्छा आहे.