बाद न होता उतरणं

जुईनगर,
१८ जानेवारी २०२६

चि. चिमी हिस,


परवा फोनवर जे बोललीस ते डोक्यातून जात नाहीये, म्हणून कागद घेऊन बसले. तेव्हाच भांडले असते, पण तू गाडी चालवत होतीस. "आत्या, गोट्याला हॉकीतून काढतेय. पहाटे पाचला उठून त्या गारठलेल्या रिंकवर कोण बसणार? आणि खरं सांगू, आपला खेळच नाही तो. तो काळा ठिपका मला दिसतसुद्धा नाही. तुला काय दिसतं त्यात एवढं?" मी तोंड उघडेपर्यंत तुझा आवाज गेला.

काय दिसतं ते सांगते. पण आधी 'आपला खेळ नाही' याचा समाचार घेऊ दे, नाहीतर मला पुढचं सुचायचं नाही.

लेहच्या मुलींना कुणी सांगितलं होतं का, की हा तुमचा खेळ म्हणून? उसनंपासनं सामान घेऊन, गोठलेल्या तळ्यांवर शिकल्या. २०१६ साली तैवानला पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळायला निघाल्या तर पैसे नाहीत, लोकांकडून वर्गणी गोळा करून गेल्या. पुढच्या वर्षी बँकॉकला फिलिपिन्सवर ४-३ असा पहिला विजय. आणि गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, अमिरातीत अल ऐनला आशिया कपात ब्राँझ घेऊन आल्या. वाळवंटातल्या बर्फावर! वर्तमानपत्रात बातमी इवलीशी होती. मी कापून ठेवलीय, गोट्यासाठी.

तुमच्या तिकडच्या पंजाब्यांचं बघ. २००८ पासून 'हॉकी नाईट इन कॅनडा' पंजाबीत चालतं. २०१६ च्या स्टॅनली कप फायनलमध्ये पिट्सबर्गच्या बोनिनोने गोल केला, तर हरनारायण सिंग नावाचा समालोचक "बोनिनो, बोनिनो, बोनिनो" करत सुटला तो थांबेचना. ते ऐकून मी एकटीच घरात हसत बसले होते. जोरदार फटक्याला तो 'चपेड शॉट' म्हणतो. टोरोंटोत मराठी भाषिक मंडळ इतकी वर्षं आहे, तुम्ही लोक अथर्वशीर्ष म्हणता, नाटकं बसवता, पुरणपोळ्यांवरून भांडता. पण हॉकी मराठीत सांगणारं कुणी अजून माझ्या कानावर आलेलं नाही. आलं असतं तर तुला तो खेळ परका वाटला असता का?

असो. चढला आवाज.

आता ठिपका, म्हणजे पक. तो दिसत नाही ही तुझी एकटीची तक्रार नाही. तीन इंच रुंद, एक इंच जाड, रबराचा, जास्तीत जास्त एकशेसत्तर ग्रॅम, आणि उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवून ठेवलेला. तो ताशी दीडशे किलोमीटरने सुटला तर कुणाला दिसणार? १९९६ मध्ये अमेरिकेतल्या फॉक्स वाहिनीने नव्या प्रेक्षकांची कीव करून पकच्या पोटात यंत्र बसवलं. पडद्यावर त्याच्याभोवती निळी आभा, आणि जोरात सुटला की मागे लाल शेपूट. जुने प्रेक्षक भडकले, दोनेक वर्षांत ते बंद झालं. बरं झालं. कारण पक बघायचाच नसतो.

हे मला कुणी शिकवलं नाही. हिवाळ्यात तुमचे संध्याकाळी सातचे सामने इथे पहाटे साडेपाचला लागतात. गुडघ्यांमुळे चिंचोली तलावाची फेरी डॉक्टरांनी बंद केल्यापासून त्या वेळेला मला उद्योगच नाही. काका घोरत असतात, सानपाड्याच्या बाजूने लोकल जायला लागलेल्या असतात, आणि तू टीव्हीला जोडून दिलेल्या त्या डबीवर मी आवाज बंद करून बसते. आवाज नाही, ठिपका दिसत नाही, मग माणसं बघायला लागले. आणि एकदम परळचं खो-खोचं मैदान डोळ्यांसमोर आलं. पळतीला असताना आम्ही काय बघायचो? पाठलाग करणारीचा हात नाही. हुलकावणी देताना हात खोटं बोलतो, खांदाही खोटं बोलतो, कंबर बोलत नाही. मी शाळेत पोरींना ओरडून ओरडून हेच सांगायचे. बर्फावरही तसंच आहे. ज्याच्याकडे पक आहे त्याला सोड. ज्याच्याकडे नाही आणि तरी जो जीव तोडून मोकळ्या जागेकडे निघालाय, त्याच्यावर नजर ठेव. पक आपोआप तिथे येतो, आणि तू आधीच तिथे पोचलेली असतेस. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी इतक्या जोरात ओरडले की काका उठून बसले.

निळ्या रेषेची कटकट सोपी आहे. पक आत गेल्याशिवाय चढाई करणाऱ्या कुणीही आत जायचं नाही, बास. बाकी नियम गोट्याला विचार, त्याला सांगायला आवडेल. मला तुला सांगायचंय ते बाकाबद्दल.

चिमे, टीव्हीवर बर्फ दाखवतात, पण तू तर रिंकवर असतेस. फोन ठेव आणि एक पूर्ण सत्र फक्त बाक बघ. गोलकीपर सोडून पाच जण खेळतात आणि बाकावर तेरा थांबलेले असतात. तीन-तीन आघाडीवाल्यांच्या चार तुकड्या, दोन-दोन बचाववाल्यांच्या तीन जोड्या. एक तुकडी बर्फावर किती वेळ टिकते? पाऊण मिनिट! पाऊण मिनिट जीव खाऊन धावायचं आणि कठड्यावरून उडी मारून बाहेर. खेळ थांबत नाही. शिट्टी नाही, पंचाची परवानगी नाही. चालू खेळात एक बाहेर येतो, दुसरा आत पडतो. जगातले सगळ्यात महागडे खेळाडूसुद्धा सामन्यातला अर्ध्याहून जास्त वेळ बाकावर बसून पाणी पितात, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

तुकड्या आपल्या खो-खोतही असतात. तीन जणी आत जातात. पण पुढची तुकडी केव्हा? तिघी बाद झाल्यावर. पायात गोळे येवोत, डोळ्यांपुढे अंधारी येवो, बाद झाल्याशिवाय उतरायचं नाही. आणि जी टिकली तिने किती मिनिटं संरक्षण केलं ते दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतं. गेल्या जानेवारीत दिल्लीला पहिला खो-खो वर्ल्ड कप झाला, प्रियांका इंगळेच्या संघाने नेपाळला फायनलमध्ये ७८-४० हरवलं. मी रडले, खोटं कशाला बोलू. माझा त्या खेळावर राग नाही. पण क्रिकेट घे, कबड्डी घे, आपल्याकडे मोठेपणा सगळा टिकून राहण्यात. बाद होऊन बाहेर आला तर बिचारा, आपणहून बाहेर आला तर पळपुटा. बाद न होता उतरणं हे आपल्या एकाही खेळाने आपल्याला शिकवलेलं नाही, आणि ते आपल्या घरांत दिसतं. हे माझं म्हणणं काकांना अजिबात पटत नाही. ते म्हणतात, "गावसकर बाकावर जाऊन बसले असते तर?" क्रिकेटवाल्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

हॉकीने तर दमलेल्यासाठी नियमच केलेत. दमलेला संघ काय करतो? श्वास घ्यायला मिळावा म्हणून आपल्या अर्ध्यातून पक सरळ पलीकडच्या टोकाला भिरकावतो. मध्ये कुणी शिवलं नाही तर शिट्टी. हे आयसिंग. खेळ पुन्हा त्यांच्याच गोलाशेजारी सुरू होतो, आणि तिकडच्या मोठ्या लीगमध्ये २००५ पासून वर आणखी एक शिक्षा आहे. ज्यांनी ते केलं त्यांना बदलायचं नाही! दमलेत म्हणून चुकले, आणि चुकले म्हणून दमलेलेच राहिले. समोर ताजी तुकडी उभी. ते चेहरे बघ तेव्हा.

आणखी गंमत म्हणजे दुसऱ्या सत्रात बाजू बदलतात, बाक मात्र जागच्या जागी. म्हणजे आपला गोल बाकापासून लांब जातो. अडकलेल्या पाचांना बाक समोर दिसतो, पण तिथवर जायचं तर गोल उघडा पडतो. दुसऱ्या सत्रात गोल जास्त होतात ते त्यामुळे. उतरण्याच्या घाईतही फजिती होतेच. १९७९ साली बॉस्टन माँट्रियलला हरवून फायनल गाठणार, सातवा सामना, ४-३ ने पुढे, शेवटची अडीच मिनिटं. बॉस्टनची अदलाबदल चुकली आणि बर्फावर एक माणूस जास्त झाला. दोन मिनिटांची शिक्षा, तेवढ्यात लाफ्लरने बरोबरी केली, जादा वेळेत सामना गेला. चांगली उतरणारी तुकडी म्हणजे नुसती उतरणारी नव्हे, हे कळलं ना?

आता तू म्हणशील, आत्याने बाकाचं पुराण कशाला लावलं.

तुझ्या बाबामुळे. दादा ठाणे-बेलापूर रोडच्या त्या कंपनीत असताना बदली माणूस आला नाही की हाच थांबायचा. डबल ड्युटी, मग आणखी अर्धी. आम्ही सगळे कौतुक करायचो, माणूस आहे की यंत्र म्हणून. वहिनी डबा घेऊन गेटवर जायची. पुढचं लिहीत नाही, तू होतीस तिथे.

आणि परवा तू काय सांगितलंस? दिवसभर ऑफिस, रात्री इकडच्या लोकांशी कॉल, शनिवारी ते दुसरं काम, "आत्या, एवढं घराचं कर्ज थोडं खाली येऊ दे." हे वाक्य मी आधी एकदा ऐकलंय, तुझ्याच आवाजासारख्या आवाजात. डोकं दुखतं म्हणालीस, तेही असं सहज, मधेच. जावईबापू काय करतात? गोट्याला एक दिवसाआड ते नेऊ शकत नाहीत का? की तुला सोडवत नाही? तू लहानपणापासून तशीच. लंगडीत पाय टेकायला तयार नसायचीस, रडायचीस पण टेकायची नाहीस.

गोट्याच्या डोक्याला मार लागेल ही तुझी भीती मात्र मी उडवून लावणार नाही. सिडनी क्रॉसबीसारखा खेळाडू २०११ च्या जानेवारीत डोक्याला लागोपाठ दोन धक्के बसून जवळजवळ वर्षभर बाहेर होता. गेल्या फेब्रुवारीत माँट्रियलला अमेरिका आणि कॅनडाचा सामना सुरू होऊन नऊ सेकंद झाली नाहीत तोवर तीन मारामाऱ्या झाल्या. मी चहा ओतत होते, वर बघते तर हातमोजे बर्फावर. पाच-पाच मिनिटं बसवतात, झालं! मला ते मुळीच आवडत नाही, आणि लोक टाळ्या वाजवतात ते त्याहून नाही. पण लहान मुलांत अंगावर धडकायला बंदी आहे. हॉकी कॅनडाने २०१३ मध्येच त्या बंदीची वयोमर्यादा वर नेली. गोट्या नऊ वर्षांचा. आणखी चार वर्षांनी विचार कर, तेव्हा मीच तुला आधी फोन करीन. मात्र हेल्मेटचा पट्टा तू स्वतः ओढून बघत जा. मागच्या व्हिडिओत तो सैल होता. दोनदा बघितला मी.

पहाटेच्या थंडीचं म्हणशील तर मी दिलेली गोधडी नेत जा. कपाटात ठेवायला दिली नव्हती. लाजायचं काय त्यात?

तिळगूळ पोचला का? वहिनीने या वेळी पाक कडक केलाय, दात सांभाळ. गुडघे तसेच आहेत. काकांची साखर बरी आहे. आमच्याकडे पाण्याची तीच रड.

घरात बी. पी. चं मशीन आहे, मला माहीत आहे, मीच घ्यायला लावलं होतं. हे पत्र वाचून झालं की मोज. मला 'ठीक आहे गं' नको, आकडे पाठव, वरचा आणि खालचा. आणि शनिवारचं ते दुसरं काम सोडलंस की नाही, ते जावयांनी मला लिहून कळवावं. तुझ्यावर माझा विश्वास नाही.

तुझी,
आत्या

ता. क. गोट्याला उलट्या दिशेने स्केटिंग करता येतं का? येत असेल तर त्याला आघाडीला कशाला ठेवलंय? कोचला विचार. आणि त्याचा पुढचा सामना आमच्या इथल्या किती वाजता ते कळव.