मामाच्या शेताचा चौकोन

रत्नागिरीत जुलै महिन्यात दिवसाला सरासरी उणे ४०० मिलिमीटर पाऊस पडतो, हा शोध मी नोकरीच्या तिसऱ्या आठवड्यात लावला. स्क्रीनवर तो आकडा बघून शेजारी बसणारी सिनिअर इतकी हसली की तिला उठून पाणी प्यावं लागलं.

झालं होतं असं. हवामान खात्याकडे भारताच्या रोजच्या पावसाची ग्रिड फाइल मिळते, पार १९०१ पासूनची. भारताच्या नकाशावर आलेखाची वही ठेवलीय असं समजा. आडवे १३५ बिंदू, उभे १२९, दोन बिंदूंमध्ये पाव अंशाचं अंतर. प्रत्येक बिंदूला रोज एक आकडा, आणि असे वर्षाचे ३६५ थर. म्हणजे ६३ लाखांहून जास्त आकडे, तरी एका वर्षाची फाइल जेमतेम २५ एमबीची. जिथे भारत नाही, म्हणजे समुद्र किंवा शेजारचे देश, तिथे -९९९ भरलेलं असतं. ‘इथलं माहीत नाही’ असं सांगायची ती खूण. नेटसीडीएफ फाइलमध्ये ही खूण काय आहे तेही आतच लिहिलेलं असतं, त्यामुळे सॉफ्टवेअर त्या जागा आपोआप रिकाम्या धरतं. मी शहाणपणा करून जुन्या बायनरी फाइल थेट वाचल्या आणि अरबी समुद्र धरून सरासरी काढली.

अशी चूक परवडते. ती दिसते, हसून संपते. मला सांगायचीय ती दुसरी.

आमच्या कंपनीचं शेतकऱ्यांसाठी एक ॲप होतं. शेताच्या जागेवर बोट ठेवलं की तिथला पाऊस दिसायचा, एका दशांशापर्यंत. तो आकडा काढणारा कोड माझा. त्यात फार काही नव्हतं. पायथनमधली एक्सरे नावाची लायब्ररी घ्यायची, फाइल उघडायची, अक्षांश-रेखांश द्यायचे आणि सांगायचं, ‘निअरेस्ट’, म्हणजे सगळ्यात जवळच्या बिंदूचा आकडा दे. एक ओळ. ही ओळ कधीच नाही म्हणत नाही. जवळचा बिंदू किती लांब असलेला चालेल हे आपण सांगितलं नाही, तर ती शेकडो किलोमीटरवरचाही आकडा तितक्याच आत्मविश्वासाने आणून देते.

दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये मामा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुण्यात माझ्याकडे राहायला आला होता. डोळ्याला हिरवी पट्टी, दर दोन तासांनी ड्रॉप्स आणि सगळं लक्ष गावाकडच्या सोयाबीनवर. त्याचं गाव पसरणी घाटाच्या पायथ्याशी, वाईच्या अलीकडे. मामी रोज संध्याकाळी फोन करायची. एक दिवस म्हणाली, “शेजारच्यांनी तिफण काढलीया. पर मला काय वल दिसंना. भुरभुर हाय नुसती.”

मामा फोन कानाला तसाच धरून मला म्हणाला, “आरं, तुज्या त्या मशिनीत बघ की किती झालाय.”

मी बघितलं. दहा दिवसांत १०४.३ मिलिमीटर. पेरणीआधी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस व्हायला हवा, हे कृषी विभाग दरवर्षी सांगतो आणि तो नियम मीच ॲपमध्ये टाकला होता. स्क्रीनवर हिरवी पट्टी आली होती, मामाच्या डोळ्यावरच्या पट्टीसारखीच. “शंभरच्या वर गेलाय, मामा. पेरायला हरकत नाही.”

मामाने फोनमध्ये सांगितलं, “भाचा म्हणतोय झालाय म्हणून. घ्या पेरून.” मामी क्षणभर काही बोलली नाही. मग “बरं” म्हणाली.

पुढचे अठरा दिवस तिथे पाऊस नव्हता. काही बी उगवलं आणि करपलं, काही उगवलंच नाही. दुबार पेरणी. बियाणं, खत, मजुरी, सगळं पुन्हा. मी पैसे पाठवले तर मामाने परत पाठवले. मला बोललं कुणी नाही. त्यानेच जास्त त्रास झाला.

नंतर एका रात्री मी तो बिंदू नकाशावर शोधला. १८ अंश उत्तर, ७३.७५ अंश पूर्व. मामाच्या शेतापासून दहा-पंधरा किलोमीटर लांब, पश्चिमेला डोंगरात. त्या बिंदूभोवती पाव अंशाचा चौकोन आखला, तर तो साधारण ७३० चौरस किलोमीटरचा होतो. त्याच्या पश्चिम कडेला महाबळेश्वर, मध्ये पाचगणी आणि पूर्वेच्या काठाशी मामाचं शेत. वाई शहर रेषेच्या पलीकडे, पुढच्या चौकोनात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस. पाचगणी सरळ रेषेत पंधरा किलोमीटरवर, तिथे त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. घाट उतरलात की आणखी किती तरी कमी. शाळेत पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणून आपण हेच पाठ केलं होतं. मी तर दर मे महिन्यात त्या घाटातून खाली-वर केलंय. तरी कोड लिहिताना आठवलं नाही.

मामाचं शेत आणखी दोन-एक किलोमीटर पूर्वेला असतं, तर ‘निअरेस्ट’ने पुढचा बिंदू उचलला असता. तो आकडाही मी काढला. ३८.

यात फाइलची चूक नाही, हे मुद्दाम सांगतो. ही ग्रिड देशभरातल्या ६,९५५ पर्जन्यमापक केंद्रांच्या नोंदींवरून बनवली आहे, आणि कुठल्याच वर्षी ही सगळी केंद्रं एकाच वेळी चालू नव्हती. मधल्या जागा जवळच्या केंद्राला जास्त वजन, लांबच्याला कमी, असं करून भरलेल्या. देशाचा, खोऱ्याचा मान्सून अभ्यासायला ती उत्तम आहे. एका शेताचा पाऊस सांगते असं ती बनवणाऱ्यांनी म्हटलेलं नाही. ते आमच्या ॲपने म्हटलं. तो दशांश मी दाखवला.

आणि चित्रानेही फसवलं. डेमोसाठी मी नकाशा ‘कंटूरएफ’ने काढायचो. त्यात आकड्यांच्या मधल्या जागा रंग मऊ पसरून भरल्या जातात, सह्याद्रीवरून निळा रंग पूर्वेकडे अलगद फिका होत जातो. बघणाऱ्याला वाटतं, वा, किती बारीक माहिती आहे. तीच फाइल ‘पीकलरमेश’ने काढली की ठसठशीत चौकोन दिसतात, जुन्या व्हिडिओ गेमसारखे. सातारा जिल्हा अशा दहा-पंधरा ठोकळ्यांत आटपतो. मी टीममध्ये म्हटलं, ॲपमध्ये ठोकळेच दाखवू, दशांश काढू, बिंदू शेतापासून किती लांब आहे ते लिहू. उत्तर मिळालं, यूजरला ठोकळे आवडत नाहीत. दशांश मात्र निघाला. अंतराचं तिकीट मी दुसरी नोकरी धरेपर्यंत उघडंच होतं.

त्या दिवाळीत मी मामीला प्लास्टिकचा एक पर्जन्यमापक दिला. रोज सकाळी साडेआठला बघायचं आणि लिहायचं, एवढंच सांगितलं. गेल्या पावसाळ्यात तिने सगळं कालनिर्णयवर लिहिलं आणि पानांचे फोटो मला पाठवले. मी ते एका नेटसीडीएफ फाइलमध्ये भरले. अक्षांश एक, रेखांश एक, दिवस १२२. ग्रिडशी ताडून बघितलं तर काहीच जुळेना. मग लक्षात आलं की मामी एक दिवस मागे आहे. हवामान खातं सकाळी साडेआठला मोजलेला पाऊस त्याच तारखेला लिहितं. मामी तो आदल्या दिवसाच्या चौकटीत लिहीत होती. विचारलं तर म्हणाली, “काल पडला ना त्यो? मग कालच्यातच लिवनार की.”

तारखा एक दिवस सरकवल्या. आता दोन्ही रेषा एकत्र वर-खाली होतात, फक्त उंची वेगळी. जुलैच्या एका दिवशी ग्रिड ६१ म्हणते, मामी ९.

ऑगस्टमधल्या तीन चौकटींत आकडा नव्हता. मला वाटलं, पाऊस नसेल, म्हणून मी तिथे शून्य टाकायला लागलो. मग फोटो मोठा करून बघितला. तिन्ही चौकटींत बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘लग्नाला गेलते. म्हाईत न्हाय.’

तिथे -९९९ टाकलं.